वाचणावळ

सोनार घडणावळ घेतो, परीट धुणावळ घेतो, आणि कचेरीच्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा पूर्वीं लिहिणावळ घेत असे. या तिन्ही शब्दांच्या मुळाशीं एकच सरळ न्याय आहे. ज्याचें काम व्हावयाचें तो पैसे देतो. जो तें करतो तो घेतो. आतां इंग्रजी वाङ्मयीन मासिकांच्या जगांत याच न्यायाचें सोंग घेतलेली एक नवी आकारणी रूढ झाली आहे. लेखकानें आपली कथा वा कविता संपादकाकडे पाठवावी, आणि ती वाचण्याच्या श्रमाबद्दल संपादकास पैसेहि लेखकानेंच द्यावे! तिकडे तीस 'रीडिंग फी' म्हणतात. दर लिखाणामागें तीन डॉलर हा तिचा सर्वसाधारण भाव. कोठें दोन, कोठें चार, आणि स्पर्धा असेल तर वीस-पंचवीसहि. मराठींत तिला 'वाचणावळ' म्हणावें असें आम्ही सुचवितों. शब्द देतों तो तिचें स्वागत करण्यासाठीं नव्हे. ती काय चीज आहे हें आपल्या घरच्या भाषेंत कळावें म्हणून.

कोणी म्हणेल, संपादक वाचतो म्हणजे श्रम करतोच कीं नाहीं? करतो, पण कोणासाठीं? किराणा दुकानदार तांदुळाचें पोतें घेण्यापूर्वीं मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, तेव्हां त्या पाहण्याचे पैसे तो शेतकऱ्याकडे मागत नाहीं. संपादक वाचतो तो आपल्या मासिकासाठीं, आपल्या वर्गणीदारांसाठीं. लेखकाचें त्यानें कांहींच काम केलेलें नसतें. बहुतेकांच्या वांट्यास तर दोन ओळींचा नकारच येतो, आणि तो नकार कां, हें सांगण्याचें बंधन पैसे घेऊनहि त्याच्यावर नसतें.

हें सर्व आम्हांस सुचण्याचें निमित्त रोह्याचे एक निवृत्त शिक्षक. त्यांच्या कथा दिवाळी अंकांतून अधूनमधून येतात आणि आमच्यासारखे कांहीं लोक त्या शोधून वाचतात. नोकरीनिमित्त मुंबईस असलेल्या त्यांच्या कन्येनें त्यांतील एक कथा इंग्रजींत उतरविली, आणि ती कोठेंतरी परदेशीं छापून यावी अशी इच्छा बापलेकींस झाली. इच्छा अगदीं रास्त होती. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही त्यांच्या घरीं गेलों असतां गुरुजींनीं एक वही पुढें केली. हजेरीपटाप्रमाणें तींत रकाने पाडले होते: मासिकाचें नांव, पाठविल्याची तारीख, शुल्क, उत्तर. अकरा नोंदी, अकरा वेळां तीन डॉलर. डॉलरचा भाव पंच्याऐंशी रुपयांच्या वर, त्यावर परकीय चलनाबद्दल बँकेचा आकार निराळा. म्हणजे सुमारें तीन हजार रुपये. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत ही रक्कम लहान नव्हे. उत्तरांच्या रकान्यांत आठ नकार होते व तीन जागा कोऱ्या होत्या. बाराव्या नोंदीपुढें मात्र 'स्वीकृत' असा शेरा होता. पाठविल्यापासून दोन दिवसांत स्वीकृति! पाहतों तों, तो एक स्वदेशांतच निघालेला 'आंतरराष्ट्रीय' कथासंग्रह. सहभागशुल्क भरतांच कथा छापली गेली, सोनेरी किनारीचें प्रमाणपत्र आलें, आणि संग्रहाची प्रत लेखकास पुन्हां विकत घ्यावी लागली. त्या प्रतींत गुरुजींचें नांव दोन ठिकाणीं दोन तऱ्हांनीं छापलें होतें. प्रमाणपत्र त्यांनीं भिंतीवर लावलें नव्हतें, एवढ्यावरून आमचा त्यांच्याविषयींचा आदर वाढला.

परततांना निडी, नागोठणें, कासू हीं स्थानकें मागें टाकीत गाडी पेणेस आली, आणि तेथें आम्ही मुद्दाम उतरलों. पेणेस आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गांवीं गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, हें वाचकांस सांगावयास नकोच. परदेशीं जाणाऱ्या मूर्ति सणाच्या कित्येक महिने आधींच पेटींत बसून बंदरावर जातात, म्हणून तेथें उन्हाळ्यांतहि हात रिकामे नसतात. एका कारखान्यांत डोळ्यांची आखणी चालली होती. पेणच्या मूर्तीचें सारें नांव या आखणीवर आहे. भुवईची एक रेघ हललीं कीं चेहरा बदलतो. परगांवचा एक व्यापारी रांगेंतून हिंडत, मूर्ति हातीं घेऊन, निरखून, खालीं ठेवीत होता. दहांतली एक पसंत करी, नऊ सोडी. पसंत केलेल्यांवर त्यानें विसार दिला. नापसंत केलेल्या मूर्ति पाहण्याबद्दल त्यानें कारागिराकडे कांहीं मागितलें असतें, तर कारखान्यांतील माणसांनीं त्याला काय उत्तर दिलें असतें तें छापण्याजोगें नाहीं. मातीच्या कामांत ज्या स्वाभिमानाची आपल्याला खात्री आहे, तो शब्दांच्या कामांत आपण इतक्या सहज कां सोडतों?

या आकारणीचा इतिहास फार जुना नाहीं. टपालाच्या काळांत परदेशीं लिखाण पाठविणारा लेखक स्वतःच्या पत्त्याचें पाकीट सोबत जोडी, आणि परतीच्या टपालखर्चासाठीं त्यांत आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन घाली. जागतिक टपाल संघाच्या १९०६ सालच्या रोम येथील परिषदेंत या कूपनाचा जन्म झाला. पुढें संगणकाद्वारें लिखाण स्वीकारण्याची सोय झाली; अमेरिकेंतील मोंटाना संस्थानांत २०१० सालीं निघालेल्या 'सबमिटेबल' या व्यवस्थेनें तर कथा पाठविणें आणि पैसे भरणें या दोन्ही गोष्टी एकाच खिडकीवर आणून ठेविल्या. तेव्हांपासून शुल्काच्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद ठरून गेला आहे: पूर्वीं कागद, पाकीट आणि तिकिटें यांवर तुम्ही एवढाच खर्च करीत होतां, आतां तोच इकडे द्या. वरवर पाहतां हें पटण्याजोगें आहे. परंतु टपालाचा पैसा टपालखात्यास जात असे, आणि तें खातें पाकीट खरोखरच समुद्रापार नेऊन पोंचवीत असे. त्या पैशांतला एक आणाहि संपादकाच्या हातीं पडत नव्हता. म्हणून कथा नाकारण्यांत त्याचा कसलाहि लाभ नव्हता. आतां प्रत्येक नकारामागें मासिकाच्या पेटींत नाणें पडतें. ज्याच्या उत्पन्नाचा एक भाग छापलेल्या मजकुरापेक्षां न छापलेल्या मजकुरावर अवलंबून आहे, तो संपादक कितीहि सज्जन असला तरी त्याची बैठक वांकडी झाली, असें आम्ही म्हणतों.

दुसरा युक्तिवाद लोंढ्याचा. शुल्क नसेल तर वाटेल तो वाटेल तें पाठवील, आणि चांगलें लिखाण त्या ढिगाखालीं गुदमरेल. या म्हणण्यास आम्ही हलकें लेखीत नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकावर यंत्राकडून लिहवून घेतलेल्या कथांचा असा कांहीं मारा झाला कीं, त्याचे संपादक नील क्लार्क यांना नव्या कथा स्वीकारणें काहीं काळ बंद ठेवावें लागलें. त्या एका महिन्यांत पांचशेंहून अधिक पाठविणाऱ्यांवर त्यांनीं बंदी घातली. शुल्क लावण्यास याहून सबळ निमित्त दुसरें कोणतें मिळालें असतें? तरीहि त्यांनीं तें लावलें नाहीं. पैशाचें कुंपण घातलें तर प्रामाणिक लेखकच, आणि त्यांतहि परदेशचे, बाहेर राहतील, अशी त्यांची भूमिका होती. चाळणीची पद्धत सुधारून पुढच्याच महिन्यांत त्यांनीं दार पुन्हां उघडलें. ज्याच्या अंगणांत खरोखर पूर आला त्यानें कुंपण घातलें नाहीं. आणि ज्यांच्या दारांत नुसती सर आली ते पुराचें नांव सांगून तीन-तीन डॉलर गोळा करीत आहेत.

तिसरा युक्तिवाद गरिबीचा, आणि तो ऐकतांना आमचें मन थोडें मऊ होतें हें कबूल केलें पाहिजे. वाङ्मयीन मासिक चालविणें म्हणजे घरचें खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणें, हें मराठी माणसास नव्यानें कोणी शिकवावयास नको. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं 'मनोरंजन' काढलें आणि १९०९ सालीं त्याचा पहिला दिवाळी अंक दिला, तेव्हांपासून जाहिरातदाराची मनधरणी, वर्गणीदाराची विनवणी आणि कागदवाल्याची उधारी हेच आमच्या मासिकांचे तीन आधार. मानधन बुडविणें, उशिरां देणें, विसरणें हीं पापें आमच्याकडेहि झालीं. पण कथा वाचण्याचे पैसे लेखकाकडून घ्यावे हें कोणाच्या मनांत आलें नाहीं. 'सत्यकथे'कडून येणाऱ्या 'साभार परत'च्या दाहानें पोळलेल्या तरुणांनीं साठीच्या दशकाच्या अखेरीस त्या मासिकाची होळी केली. तो संताप संपादकांच्या रुचीवर होता. त्यांच्या गल्ल्यावर नव्हता. रुचीशीं भांडतां येतें, आणि त्या भांडणांतून वाङ्मय पुढें सरकतें. गल्ल्याशीं काय भांडणार?

पुष्कळ मासिकें ज्यांस परवडत नाहीं त्यांच्यासाठीं शुल्कमाफी ठेवतात. अर्ज करा, अडचण सांगा, माफी मिळेल. या औदार्यानें आमचें समाधान होत नाहीं. ज्याची कथा अजून कोणी वाचलेलीहि नाहीं त्यानें आधीं आपलें दारिद्र्य लिहून द्यावयाचें. म्हणजे त्याचें पहिलें वाङ्मय अर्जाचें.

शिवाय हा तीन डॉलरांचा प्रश्न केवळ तीन डॉलरांचा नाहीं. आमच्याकडील बँकांच्या कार्डांवर परदेशीं पैसे देण्याची सोय आपोआप मिळत नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानें नवें कार्ड देतांना तें देशांतर्गत वापरापुरतेंच चालू असावें असें ठरविलें, आणि परदेशचा व्यवहार धारकानें मागून घ्यावा लागतो. सावधगिरी म्हणून नियम चांगलाच आहे. पण घरोघरची स्थिति पाहा. पेण-रोह्याच्या सुशिक्षित घरांतून आज लिहिणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. दुपारचीं कामें आटोपल्यावर लिहिणाऱ्या, लिहिलेलें कपाटांत ठेवणाऱ्या. असें परदेशीं चालणारें कार्ड घरांत असलेंच तर तें बहुधा यजमानांच्या नांवाचें असतें. कथा संपादकाकडे जाण्यापूर्वीं 'अडीचशें रुपये कशाला?' या प्रश्नाच्या उंबरठ्यावरून तिला जावें लागतें, आणि 'नकार आला तरी ते परत मिळत नाहींत' हें उत्तर ऐकून कोणता गृहस्थ दुसऱ्यांदा आनंदानें पैसे देईल? विनाशुल्क मासिकास कथा पाठवितांना तिला कोणास विचारावें लागत नाहीं. या एका कारणासाठींहि आम्ही वाचणावळीस विरोध केला असता.

आणि विनाशुल्क दारें आहेत. आणि तीं मागल्या गल्लींतलीं नव्हेत. शिकागोचें 'पोएट्री' मासिक हॅरिएट मन्रो यांनीं १९१२ सालीं काढलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें रवींद्रनाथांच्या 'गीतांजलीं'तील सहा कविता छापल्या, आणि पुढच्या वर्षीं रवींद्रनाथांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें मासिक आजहि कविता वाचण्याबद्दल पैसे घेत नाहीं. उलट छापलेल्या कवितेस मानधन देतें. न्यूयॉर्कचें 'द न्यूयॉर्कर' शुल्क मागत नाहीं. अनुवादित वाङ्मयासाठींच २००३ सालीं निघालेलें 'वर्ड्स विदाउट बॉर्डर्स' मागत नाहीं. राष्ट्रकुलाचें लघुकथा-पारितोषिक २०१२ पासून आजच्या स्वरूपांत दिलें जातें, आणि त्याच्या प्रवेशिकेस एक पैसाहि पडत नाहीं. या दारांतून आंत जाणें सोपें आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. हजारों लिखाणें येतात, मोजकीं छापलीं जातात, उत्तरास महिने लागतात. पण शुल्क भरल्यानें हें सोपें होतें असा समज असेल तर तो गुरुजींच्या वहीनें खोटा ठरविला आहे.

येथवर वाचक आमच्याशीं सहमत झाले असतील तर आतां थोडें कडू बोलूं. राष्ट्रकुलाच्या त्या पारितोषिकास इंग्रजीखेरीज ज्या भाषांतील मूळ कथा चालतात त्यांत बंगाली आहे, तामीळ आहे, मराठी नाहीं. तामीळ श्रीलंका, मलेशिया, सिंगापूर येथें बोलली जाते, बंगाली बांगलादेशची राष्ट्रभाषा आहे, म्हणून त्यांस जागा मिळाली असावी. पण मॉरिशसमध्यें एकोणिसाव्या शतकापासून मराठी माणसें आहेत, तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि मॉरिशस राष्ट्रकुलांत आहे. हा मुद्दा घेऊन आपल्या एखाद्या साहित्यसंस्थेनें आग्रह धरल्याचें कोणाच्या कानावर आलें आहे काय? संमेलनाच्या मांडवावर आणि अध्यक्षपदाच्या वादावर आपण जेवढी शक्ति खर्च करतों तिच्या शतांशानें हें पत्र लिहून झालें असतें.

तें पत्र जाईपर्यंत मार्ग एकच उरतो, आणि तो अनुवादाचा. कोणत्याहि भाषेंतून इंग्रजींत आणलेली कथा त्या पारितोषिकास चालते, आणि ती विजयी झाल्यास अनुवादकालाहि वेगळें पारितोषिक मिळतें. आपल्या शेजारच्या कानडीनें काय केलें तें पाहा. बानू मुश्ताक यांच्या कथांचा दीपा भास्ती यांनीं केलेला 'हार्ट लॅम्प' हा अनुवाद २०२५ सालीं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकास पात्र ठरला. कथासंग्रहास तें प्रथमच मिळालें. पन्नास हजार पौंडांची ती रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यांत समसमान वांटली जाते. म्हणजे अनुवादकाचें स्थान तेथें पंगतीच्या शेवटीं नाहीं. भास्ती यांच्या या कामास आधीं 'इंग्लिश पेन' या लेखकसंस्थेचेंहि अनुवाद-साहाय्य मिळालें होतें. (आमच्या पेणचा आणि त्या पेनचा संबंध 'ण' आणि 'न' यांच्या अंतराइतकाच असला, तरी त्या संघाची हिंदी शाखा १९३३ सालीं सोफिया वाडिया यांनीं मुंबईसच काढली होती, हें विसरूं नये.) कानडी लेखिका या मुक्कामास पोंचली ती वाचणावळ भरून नव्हे, तिला एक चांगली अनुवादिका भेटली म्हणून.

मराठींत अशीं माणसें झालींच नाहींत असें नाहीं. विलास सारंग मराठींत लिहीत आणि स्वतःच्या कथा स्वतःच इंग्रजींत नेत. त्यांचा 'फेअर ट्री ऑफ द व्हॉइड' हा इंग्रजी संग्रह १९९० सालीं निघाला. दिलीप चित्रे यांनीं तुकोबांस इंग्रजींत नेण्यांत आयुष्याचीं कित्येक वर्षें घातलीं. आणि खुद्द रोह्याच्या देशमुखांचें घराणें घ्या. चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. रुपयाचा परकीय भाव ज्यांच्या मेजावर ठरे त्या गृहस्थांनीं कालिदासाचें 'मेघदूत' मराठींत आणलें. प्रवाह उलट्या दिशेचा असेल, पण एका भाषेंतलें दुसरींत नेण्यास लागणारी चिकाटी तीच. ज्या रोह्यापासून कोंकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो तेथील माणसास पुढें जाण्यासाठीं रूळ लागतात, हें समजावून सांगावें लागूं नये.

आम्ही गुरुजींच्या कन्येचा अनुवाद वाचला. मुलगी हुशार आहे, इंग्रजी शुद्ध आहे. पण मूळ कथेंतील आगरी म्हातारीचें बोलणें इंग्रजींत येतांना एखाद्या कचेरींतल्या बाईसारखें झालें होतें. 'खलाटी'चें नुसतें शेत झालें होतें, आणि खारबंदिस्ती फुटल्याचा प्रसंग, ज्यावर सारी कथा उभी आहे, तो दोन वाक्यांत आटोपला होता, कारण बांध फुटला म्हणजे खारें पाणी आंत शिरून पुढचीं कित्येक पिकें जातात, हें परक्या वाचकास कसें कळावें याचा विचारच झाला नव्हता. आठ संपादकांनीं नाकारली ती कदाचित् ही दुसरी कथा. गुरुजींची पहिली त्यांच्यापर्यंत पोंचलीच नाहीं. तीन हजार रुपये अकरा ठिकाणीं वांटण्याऐवजीं एखाद्या जाणत्या अनुवादकापुढें ठेवून 'एवढी एक कथा आमच्याबरोबर बसून पाहा' असें म्हटलें असतें, तर त्या रकमेचें कांहीं तरी हातीं लागलें असतें.

दोन्ही गांवांत वाचनालयें आहेत, महाविद्यालयें आहेत, इंग्रजी शिकविणारे प्राध्यापक आहेत. महिन्यांतून एक रविवार पेणेस, एक रोह्यास, असे चार-सहा जण एकत्र बसले आणि एका वर्षांत चार कथा नीट इंग्रजींत आणल्या, तरी आम्ही तें काम मोठें समजूं. एकानें मूळ वाचावें, दुसऱ्यानें अनुवाद, तिसऱ्यानें मूळ न पाहतां केवळ इंग्रजी ऐकून जेथें अडेल तेथें थांबवावें. दिवाळी अंकांत आधीं आलेल्या कथेस अडचण नसते. अनुवाद इंग्रजींत पूर्वीं छापलेला नसावा आणि मूळ लेखकाची लेखी संमति असावी, एवढेंच बहुतेक मासिकें पाहतात. दिवंगत लेखकाची कथा असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत ती संमति वारसांकडून घ्यावी लागते. आणि कथा तयार झाल्यावर ती पाठवावी तेथेंच, जेथें वाचण्याचे पैसे मागत नाहींत.

'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्रांबद्दल लिहिण्यासारखें पुष्कळ आहे, पण तें चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावणाऱ्यांत आमचे स्नेही आणि आप्तहि आहेत, म्हणून एवढ्यावरच थांबतों: पैसे भरल्यावर ज्याला कोणालाच नकार मिळत नाहीं, त्या स्वीकृतीचा अर्थ काय, हें त्यांनीं एकदां स्वतःशींच ठरवावें.

गुरुजींस आम्ही हें सर्व पत्रानें कळविलें. त्यांचें उत्तर आलें आहे. मुलगी गणपतीस घरीं आली तेव्हां तिनें आणि त्यांनीं खारबंदिस्तीचा प्रसंग पुन्हां लिहावयास घेतला. म्हातारीचें बोलणें अजून साधलेलें नाहीं. वहींतील शुल्काच्या रकान्यावर त्यांनीं रेघ मारली असून पेणच्या पहिल्या बैठकीची तारीख ते विचारीत आहेत.